नागपूरचा मे, लडाखचा ऑक्टोबर आणि १९९८ ची जिप्सी: २०डब्ल्यू-५० ऑइलचा अनुभव

माझी मारुती जिप्सी किंग १९९८ सालची, १३०० सीसीची आणि कार्ब्युरेटरची आहे. तिने १ लाख ८० हजार किलोमीटरचा टप्पा ओलांडला असून इंजिन अजून एकदाही उघडलेले नाही. गेल्या पाच वर्षांत या इंजिनात मी तीन वेगवेगळ्या ग्रेडची ऑइले वापरून पाहिली आणि सध्या तिच्यात कॅस्ट्रॉल जीटीएक्स २०डब्ल्यू-५० हे मिनरल ऑइल आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: विदर्भात चालणाऱ्या, थोडेफार ऑइल खाणाऱ्या जुन्या पेट्रोल इंजिनाला ही ग्रेड मानवते, मात्र तीच गाडी घेऊन हिवाळ्याच्या तोंडावर लडाखला जाणाऱ्याने हे ऑइल घालून निघू नये.

डब्यावरच्या दोन आकड्यांविषयी आपल्याकडे एक घट्ट गैरसमज आहे. २०डब्ल्यू-५० म्हणजे बाहेरचे तापमान २० पासून ५० अंशांपर्यंत असताना चालणारे ऑइल, असे मला दोन दुकानदारांनी आणि एका अनुभवी मेकॅनिकने अगदी आत्मविश्वासाने सांगितले आहे. वास्तविक डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे आहे आणि त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती घट्ट होते एवढेच सांगतो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या प्रमाणानुसार २०डब्ल्यूची क्रँक फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशांवर आणि पंपाने ऑइल ओढले जाण्याची चाचणी उणे २० अंशांवर होते. ५डब्ल्यूसाठी हेच आकडे उणे ३० आणि उणे ३५ आहेत. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा असतो. ४० च्या ऑइलची चिकटता त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (चिकटता मोजण्याचे एकक) दरम्यान, तर ५० च्या ऑइलची १६.३ ते २१.९ च्या दरम्यान असावी लागते. त्यात बाहेरच्या उन्हाचा कुठेही उल्लेख नाही.

म्हणूनच 'नागपूरचे ऊन आहे, जाड ऑइल घाला' हा सल्ला निष्कर्षाने बरोबर असला तरी कारणाने चुकीचा आहे. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता हे खरे. पण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ठीक असतील तर इंजिनातल्या पाण्याचे तापमान नव्वदीच्या आसपासच राहते, आणि सलग चालणाऱ्या गाडीच्या चेंबरमधले (इंजिनाखाली ऑइल साठते ते भांडे) ऑइल डिसेंबरातही शंभरीजवळ पोहोचते. उन्हाचा खरा ताण सिग्नलवर रांगेत उभे असताना किंवा रेडिएटर गाळाने बुजलेला असताना जाणवतो. जुन्या इंजिनात जाड ऑइलाची गरज भासते ती मुख्यतः बेअरिंगमधली फट वर्षानुवर्षांच्या झिजेने वाढलेली असते म्हणून. त्या फटीतून पातळ ऑइल पटकन निसटते आणि इंजिन कमी फेऱ्यांवर फिरत असताना ऑइलचा दाब उतरतो.

माझ्या गाडीत हे स्पष्ट दिसले. पूर्वी मी १५डब्ल्यू-४० वापरत असे. मे महिन्यात दुपारी वर्धा रोडच्या गर्दीत तासभर काढल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली, की ऑइलचा दाब कमी झाल्याचे सांगणारा डॅशबोर्डवरचा लाल दिवा क्षीणपणे लुकलुकायचा आणि अॅक्सिलरेटरला पाय लावताच विझायचा. अशा वेळी थेट जाड ऑइल ओतून दिवा घालवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत धोकादायक उपाय आहे, कारण दिव्याचा स्विच खराब असू शकतो, पंप थकलेला असू शकतो किंवा चेंबरमधली जाळी काळ्या गाळाने अर्धी बंद झालेली असू शकते. आधी स्विचच्या जागी दाबाचा गेज लावून बघितला. गरम इंजिनावर मिनिटाला ३,००० फेऱ्यांना दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ किलो मिळाला, म्हणजे पंप शाबूत होता; चेंबर उतरवून जाळी धुतली, आणि मगच २०डब्ल्यू-५० भरले. या ऑइलावर दोन उन्हाळे गेले, दिवा पुन्हा लुकलुकलेला नाही. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटची सकाळची कटकटही कमी झाली आहे.

ऑइल खाण्यातही फरक पडला. १५डब्ल्यू-४० असताना साधारण १,८०० किलोमीटरला एक लिटर टाकावे लागे. आता ते प्रमाण २,६०० च्या आसपास आले आहे. ही मोजणी मी वहीत लिहून केली असली तरी दोन्ही काळांत हायवेचा आणि शहरातला प्रवास समान नव्हता, त्यामुळे आकड्यांना तेवढ्यापुरतेच महत्त्व द्यावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीने सकाळी पहिल्या सेल्फला निळ्या धुराचा जो एक लोट सोडायचा, तो मात्र अजूनही सुटतो. तो व्हॉल्व्हच्या कडक झालेल्या सिलांचा आहे आणि कोणत्याही ऑइलाने जाणारा नाही.

मायलेज किंचित घटले हेही नमूद करायला हवे. जाड ऑइल ढवळायला इंजिनाला जास्त जोर लागतो. पण ज्याला मायलेजची चिंता आहे तो जिप्सी पाळतच नाही.

आता लडाखविषयी. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर याच ऑइलावर आम्ही मनालीमार्गे लेहला आणि तिथून पँगाँगला गेलो. सुमारे ४,२५० मीटर उंचीवरच्या त्या सरोवराकाठी पहाटे तापमान उणे दहाच्या घरात होते. प्रमाणानुसार २०डब्ल्यू तिथे चालायला हवे होते. प्रमाण मात्र ताज्या ऑइलाचे असते. माझ्या इंजिनातले ऑइल ४,००० किलोमीटर चाललेले होते, बॅटरी थंडीने निम्म्या ताकदीवर आली होती, आणि विरळ हवेत कार्ब्युरेटरचे मिश्रण मुळातच बिघडलेले होते. सेल्फ चिखलात रुतल्यासारखा फिरला. चौथ्या प्रयत्नात इंजिन सुरू झाले, पण लाल दिवा विझायला पाच सेकंद लागले. जुन्या इंजिनाची झीज नेमकी त्याच सेकंदांत होते, कारण तेवढा वेळ वरच्या कॅमशाफ्टला ऑइल पोहोचलेलेच नसते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही गाडीचे तोंड पूर्वेकडे करून लावू लागलो, रात्री बॉनेटवर जाड घोंगडे टाकू लागलो आणि ऊन चांगले वर आल्यावरच सेल्फ मारू लागलो. पुन्हा कधी त्या दिवसांत जाणे झाले, तर निघण्यापूर्वी १०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० भरून जाईन आणि वाटेत टाकायला एक लिटर जास्तीचे सोबत ठेवेन.

परत आल्यावर, उत्साहाच्या भरात, एका नामांकित कंपनीचे फुल्ली सिंथेटिक ५डब्ल्यू-४० नागपुरातही वापरून पाहिले. किंमत दुपटीहून जास्त होती. गरम झाल्यावर तेही ४० चेच ऑइल, त्यामुळे मे महिन्यातला लुकलुकणारा दिवा परतला. शिवाय टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून आणि क्रँकच्या मागच्या सिलातून झिरप सुरू झाली. त्याचा दोष मी ऑइलला देणार नाही. त्याने आपले धुण्याचे काम चोख केले आणि जुन्या गाळाने बुजलेल्या वाटा मोकळ्या केल्या. सील तर आधीच गेलेले होते. मात्र नागपुरात हिवाळ्यातली रात्रही शून्याच्या बरीच वर राहते, तेव्हा ५डब्ल्यूसाठी मोजलेला पैसा इथे वापरलाच जात नाही.

जुन्या गाडीला जुन्याच दर्जाचे ऑइल हवे, नव्यात झीज रोखणारे जस्त कमी असते, असाही एक मतप्रवाह आहे. या इंजिनात रॉकर कॅमवर घासत चालतो, त्यामुळे जस्त-फॉस्फरसचे संरक्षण लागते हे बरोबर आहे. परंतु ऑइलाचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसएम आणि त्यानंतरच्या वर्गांत फॉस्फरसवर घातलेली ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना लागू होते, २०डब्ल्यू-५० ला नाही. त्यामुळे दुकानाच्या मागच्या फळीवरचा धूळ खाल्लेला डबा शोधत बसण्याचे कारण नाही.

खरेदीची दक्षता ऑइलाच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. एकदा छापील किमतीपेक्षा बरेच स्वस्त मिळाले म्हणून एका दुकानातून बिलाशिवाय डबा घेतला. ते ऑइल ८०० किलोमीटरमध्येच डांबरासारखे काळे आणि पाण्यासारखे पातळ झाले. काळे होणे हे एरवी वाईट लक्षण नव्हे, जुन्या इंजिनात चांगले ऑइलही काळवंडते. पण इतक्या लवकर दाटपणा जाणे संशयास्पद होते. आता मी झाकणाखालचे सील आणि झाकणाची कडी न तुटलेली आहे ना हे पाहतो, बिल घेतो, आणि मेकॅनिककडे ऑइल बदलून झाले की रिकाम्या डब्यात बनावट ऑइल भरले जाऊ नये म्हणून त्याला समोरच स्क्रूड्रायव्हरने भोक पाडतो. आमचे मेकॅनिकदादा आरंभी यावर रागावले होते. आता तेच स्क्रूड्रायव्हर पुढे करतात.

बदलाचा काळ मी ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, यांतले जे आधी येईल ते, असा ठेवला आहे. थंडीत चोक ओढून छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांनी एवढीही वाट पाहू नये, कारण न जळलेले पेट्रोल रिंगांवरून चेंबरमध्ये उतरते आणि ५० चे ऑइल बघता बघता ३० चे होऊन बसते. ऑइलची पातळी पाहायची पट्टी काढून नाकाशी धरली की पेट्रोलचा वास कळतो. माझ्या गाडीत फिल्टरसह बदलताना साडेतीन लिटरचा डबा जवळजवळ संपतो; पातळी पट्टीच्या वरच्या खुणेच्या जरा खाली ठेवतो आणि उरलेले ऑइल पुढच्या भरतीसाठी सीटखाली ठेवून देतो.