आईला भूक लागायला लागली आणि आम्ही फसलो

गेल्या वर्षी आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आईनं सांगितलं, छातीत गाठ लागतेय. सुपारीएवढी होती. बायोप्सीत कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशन आणि केमो सांगितली. "वेळेत आलात," असंही म्हणाले. ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. केमोनं अंथरूण धरलं तर घर कोण बघणार, ही तिची भीती. पूर्व भागातल्या एका ओळखीच्या घरी भेटलेल्या माणसानं तीच हेरली. नाडी बघून म्हणाला, "मावशी, केमो म्हणजे विष. माझं औषध चालू असताना सुई टोचून घ्यायची नाही, नाहीतर गुण येणार नाही." महिन्याला 11,000 रुपये, रोख. पावती नाही. पुडीवर लायसन्स नंबर नाही, घटक नाहीत, तारीख नाही. विचारलं तर म्हणे घराण्याची विद्या आहे.

पंधरा दिवसांत आईला कडकडून भूक लागायला लागली. अंगदुखी गेली, चेहरा भरला. शेजारणी म्हणाल्या, तब्येत सुधारली की! मी स्वतः दोन घरांना त्याचा नंबर दिला.

चार महिने आणि 44,000 रुपये गेले. जूनमध्ये गाठ लिंबाएवढी झाली, काखेतही लागायला लागली. डॉक्टरांनी आईचा गोल चेहरा आणि वाढलेली शुगर बघून पुडी मागितली. म्हणाले, यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार. त्यानं भूक वाढते, दुखणं दबतं, चेहरा सुजतो. गाठ आपली वाढतच राहते. तुमच्या घरात अशी पुडी चालू असेल तर ती एकदम बंदही करू नका. स्टेरॉइड अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन आधी डॉक्टरांकडे जा.

झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही. आईला आता सलाइनमधून देतात ते केमोचं औषध, पॅक्लिटॅक्सेल, यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं. ब्लड कॅन्सरला वापरतात ते व्हिन्क्रिस्टिन आपल्या दारातल्या सदाफुलीतलं. पण ते मिलिग्रॅमवर मोजून, रक्त तपासून देतात. आमच्या गल्लीतल्या वैद्यांकडे नंतर गेलो, तर त्यांनी आधी दवाखान्याची फाइल मागितली. केमो चुकवू नका म्हणाले. गुळवेलसुद्धा केमोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, काहींच्या लिव्हरला त्रास होतो. खरा वैद्य कसा बोलतो ते त्या दिवशी कळलं.

कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. त्याच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत तेच छापलं होतं. पत्रक आणि उरलेल्या पुड्या घेऊन आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली. तुमच्याकडे असलं काही असेल तर रागानं फेकू नका.

नंबर दिलेल्या दोन्ही घरी मी जाऊन आलो. एका घरानं ऐकलं. दुसऱ्या घरातले काका अजून पुड्या घेतात. म्हणतात, भूक चांगली लागतेय.