बाळ आणायला निघताना आमची झालेली फसवणूक

दत्तक बाळाला आणण्यासाठी परराज्यात जाणाऱ्या आईवडिलांच्या धास्तीवर जगणारी काही माणसे आहेत. त्यांपैकी एकाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्याकडून ५६,१०० रुपये उकळले. पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण त्याहून अधिक वाईट याचे वाटते की आमच्या मुलीच्या पहिल्या भेटीच्या आदल्या दोन रात्री आम्ही तिच्याऐवजी त्या माणसाचा विचार करत काढल्या. सोलापुरातून किंवा आसपासच्या तालुक्यांतून कोणी याच वाटेने निघणार असेल, तर त्यांनी हे निघण्यापूर्वी वाचावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि माझे पती अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतात. ‘कारा’ म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण. त्याच्या पोर्टलवर नोंदणी करून, होम स्टडी (सामाजिक कार्यकर्तीने घरी येऊन केलेली पाहणी) होऊन आम्हाला तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. एका दुपारी मधल्या सुट्टीत मोबाईलवर संदेश आला की रेफरल आला आहे, म्हणजे आमच्यासाठी एक बाळ सुचवले आहे. ओडिशातील एका संस्थेतील दहा महिन्यांची मुलगी. तिचा फोटो, तिच्या पार्श्वभूमीचा अहवाल आणि वैद्यकीय अहवाल पोर्टलवर दिसत होते. होकार कळवायला ४८ तास असतात. आम्ही ते अहवाल आमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवले (तुम्हीही जरूर दाखवा, आपल्या पसंतीच्या डॉक्टरांचे मत घेण्याची मुभा आहे) आणि त्याच रात्री होकार नोंदवला.

चूक त्यानंतर लगेच झाली. प्रतीक्षेत असलेल्या पालकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट होता, आणि त्यात मी आनंदाच्या भरात पोर्टलचा स्क्रीनशॉट टाकला. बाळाचा फोटो झाकला होता, परंतु आमचा नोंदणी क्रमांक आणि राज्याचे नाव झाकायचे राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. बोलणारा अस्खलित मराठीत, अत्यंत आदबीने बोलत होता. ‘वहिनी, अभिनंदन. मी दत्तक पालकांच्या प्रवासाची आणि कागदपत्रांची व्यवस्था बघतो,’ असे म्हणून त्याने आमचा नोंदणी क्रमांक स्वतःहून वाचून दाखवला. तो क्रमांक ऐकल्यावर हा माणूस सरकारी यंत्रणेतला किंवा निदान संस्थेच्या संपर्कातला आहे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

त्याने जे सांगितले ते सगळे आम्हाला हवे असलेलेच होते. सोलापूरहून भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्स्प्रेस आहे, पण दिवाळीच्या तोंडावर आरक्षण मिळणार नाही. ते तो ‘व्हीआयपी कोट्यातून’ करून देईल. येण्याजाण्याचे एसी टू टायरचे १४,६०० रुपये. संस्थेच्या शेजारचे अतिथिगृह आणि स्टेशनवरून गाडी यांचे ८,५०० रुपये. शिवाय ‘कोर्टात तारीख लवकर लागावी म्हणून’ तिथल्या वकिलाचे १२,००० रुपये. सगळे यूपीआयने, तीन वेगवेगळ्या क्रमांकांवर. शेवटी त्याने एक वाक्य सांगितले, आणि सगळी फसवणूक त्या एका वाक्यावर उभी होती: ‘संस्थेला तुम्ही थेट फोन करू नका, त्यांना ते आवडत नाही, फाइल मागे टाकतात.’

संस्थेचा दूरध्वनी क्रमांक आमच्यासमोर पोर्टलवर होता. आम्ही तो लावला नाही. इतकी वर्षे वाट पाहिल्यावर आपल्या हातून काही वावगे घडून बाळ दुरावेल, ही भीती किती खोल असते हे ज्यांनी ही वाट चालली आहे त्यांनाच कळेल. तो माणूस ती भीती नेमकी ओळखून होता.

कोर्टाचा मुद्दाही तेव्हाच खटकायला हवा होता. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात, आणि त्यासाठीचा अर्ज संस्था करते. आमची होम स्टडी करणाऱ्या ताईंनी नंतर एकदा हे सांगितलेही होते. परंतु ऐकलेले आणि वेळेवर आठवलेले यांत फार अंतर असते.

ठरल्याप्रमाणे तिकिटांची पीडीएफ आली. पीएनआर क्रमांक, डबा, बर्थ, आमची नावे आणि वये, सगळे व्यवस्थित होते. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या सुती लुगड्याची दोन दुपटी शिवून दिली होती. माझ्या नणंदेने बाळासाठी सोलापुरी चादर आणली होती, ती जड होते म्हणून घरीच ठेवली. रात्री सोलापूर स्टेशनवर गाडी लागली आणि आमच्या बर्थवर दुसरेच कुटुंब अंथरूण घालत होते. तिकीट तपासनीसांनी आमचा पीएनआर त्यांच्या यंत्रावर पाहिला आणि शांतपणे सांगितले, ‘ताई, हे तिकीट काढलं त्याच संध्याकाळी रद्द झालंय. पैसे ज्याने काढलं त्याच्या खात्यात परत गेलेत.’ तिकीट खोटे नव्हते, ही यातली खरी मेख आहे. ते खरोखर काढले होते, आम्हाला पाठवले होते आणि मग रद्द केले होते. पीडीएफ मात्र आमच्या मोबाईलमध्ये जशीच्या तशी राहिली. कोणीही दुसऱ्याने काढून दिलेले तिकीट असेल, तर १३९ क्रमांकावर किंवा रेल्वेच्या संकेतस्थळावर पीएनआरची स्थिती निघण्याच्या दिवशी स्वतः तपासावी. आम्ही ती पाच दिवसांत एकदाही तपासली नव्हती.

गाडी गेली. फलाटावर उभे राहून आम्ही त्या माणसाला फोन लावला, तेव्हा त्याने रेल्वेच्या गोंधळाबद्दल हळहळ व्यक्त केली, पैसे सात दिवसांत परत येतील असे सांगितले, आणि आम्ही त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवला. पहिल्या फसवणुकीपेक्षा ही दुसरी सांगताना मला अधिक जड जाते. आम्ही रात्रीची हैदराबादची बस धरली. तिथे माझे चुलत दीर राहतात, सकाळी तिथून विमानाने भुवनेश्वर गाठायचे असे ठरले. बस उमरग्याच्या पुढे गेली असेल, तेव्हा त्याचा पुन्हा फोन आला. उद्या दुपारी दोनपर्यंत हजर झाला नाहीत तर मॅचिंग रद्द होईल, बाळ यादीतल्या पुढच्या कुटुंबाकडे जाईल. मुदतवाढ हवी असेल तर २१,००० रुपये आत्ताच भरावे लागतील. पती म्हणाले, सकाळपर्यंत थांबू या. मी थांबले नाही. अंधाऱ्या बसमध्ये, बाजूचा प्रवासी घोरत असताना, मी माझ्या खात्यातून ते पैसे पाठवले. त्यानंतर त्याचा फोन कधीच लागला नाही.

संस्था भुवनेश्वरपासून दोन तासांवरच्या गावात होती. तिथल्या सामाजिक कार्यकर्तीने आमचे सगळे ऐकून घेतले आणि प्रथम आम्हाला पाणी दिले. मग त्यांनी दिनदर्शिका दाखवली: आमची भेट दुसऱ्या दिवशी सकाळची होती. म्हणजे मुदत चुकलीच नव्हती. ‘मुदतवाढ शुल्क’ नावाचा कोणताही प्रकार नाही. शेजारी अतिथिगृह नव्हते, भाताची खाचरे होती. दत्तक प्रक्रियेत पालकांनी भरायची रक्कम ठरलेली आहे: होम स्टडीचे ६,००० रुपये, बाळ घेताना संस्थेच्या बालसंगोपन निधीसाठी ५०,००० रुपये, आणि नंतरच्या प्रत्येक पाठपुरावा भेटीचे २,००० रुपये. हे पैसे संस्थेच्या खात्यात जातात आणि त्याची पावती मिळते. कोणी व्यक्तीच्या मोबाईल क्रमांकावर यूपीआय मागत असेल, तर तिथेच बोलणे थांबवावे.

त्या कार्यकर्तीने पुढे जे सांगितले, त्याचा मला प्रवासात खरा उपयोग झाला, आणि हेच आम्ही आधी फोन करून विचारले असते तर त्या माणसाला आमच्या घरात शिरायला जागाच राहिली नसती. बाळाला कोणत्या कंपनीची दुधाची पावडर देतात, किती चमचे, किती वाजता. ती पाळण्यात झोपते की मांडीवर. तिला कोणत्या भाषेत हाक मारतात. मुलगी ओडियात ‘आ, आ’ म्हटले की हात पुढे करी, मराठीतल्या ‘ये’ला ती नुसती बघत राही. त्यांनी निघताना ती झोपत असे ते जुने, न धुतलेले फडके आम्हाला दिले. परतीच्या गाडीत पहिल्या रात्री ती तासभर आक्रंदत होती. सासूबाईंची दोन्ही दुपटी तिने भिरकावली, आणि ते फडके गालाशी आल्यावर हुंदके देत झोपली. संस्थेकडून असे एखादे कापड मागून घ्या, आणि घरी आल्यावर निदान पंधरा दिवस ते धुऊ नका.

परतीचे तिकीट आधी काढू नये. दत्तक समितीची बैठक, वैद्यकीय तपासणी, दत्तकपूर्व संगोपनाचे (म्हणजे आदेश होईपर्यंत बाळ सांभाळण्याचे) प्रतिज्ञापत्र यांत एखादा दिवस मागेपुढे होतोच. जाण्यायेण्याची तारीख पक्की करून एकरकमी पैसे घेणारा कोणीही माणूस ही प्रक्रिया जाणत नसतो किंवा जाणून फसवत असतो. आम्ही तीन दिवस गावातल्या साध्या लॉजवर राहिलो आणि कागद हातात आल्यावर कोणार्क एक्स्प्रेसचे तिकीट स्वतः काढले. पाच वर्षांखालील बाळाला वेगळा बर्थ नको असेल तर रेल्वेचे तिकीट लागत नाही. सुमारे दीड हजार किलोमीटरचा प्रवास आहे, त्यामुळे खालचा बर्थ मिळेल असे पाहावे. गाडीतल्या चहावाल्याच्या गरम पाण्यावर दूध करू नये. घरून किंवा लॉजवरून उकळलेले पाणी दोन थर्मासमध्ये घ्यावे. पावडर कालवताना पाणी ७० अंशांच्या खाली गेलेले नसावे, मग बाटली गार करून पाजावी, आणि दोन तासांत न संपलेले दूध ओतून द्यावे. विमानाने आणायचे असेल तर उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बाटली तोंडात असू द्यावी, कानाचे दुखणे कमी होते. दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसते, परंतु वयाचा पुरावा लागतो, आणि नव्या नावाचा जन्मदाखला तेव्हा हाती नसतो. म्हणून दत्तकपूर्व संगोपनाची कागदपत्रे पिशवीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावीत. गाडीत एका पोलीस शिपायाने आम्हाला बाळाविषयी विचारले. कागद दाखवताच तो नमस्कार करून पुढे गेला, आणि माझ्या मते त्याने विचारले हे योग्यच केले.

माझी एक मावसबहीण अमेरिकेत असते आणि तीही आता याच रांगेत आहे. परदेशात राहणाऱ्यांना अर्ज तिथल्या अधिकृत दत्तक संस्थेमार्फत करावा लागतो, ‘कारा’चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि आदेशानंतर बाळाचा पासपोर्ट व त्या देशाचा व्हिसा हाती येईपर्यंत बाळासह मायदेशातून निघता येत नाही. १९९३ च्या हेग करारानुसार, ज्याला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली, हे टप्पे ठरले आहेत. तिलाही ‘आठ दिवसांत पासपोर्टसह सगळे करून देतो’ असा फोन आला होता. तिला मी एवढेच सांगितले की व्हिसा हातात पडल्याशिवाय परतीचे विमान ठरवू नकोस आणि हा फोन आल्याचे तुझ्या संस्थेला आजच कळव.

आम्ही आमची तक्रार ओडिशातूनच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर केली आणि परत आल्यावर सोलापुरात सायबर पोलिसांकडे जबाब दिला. दोन दिवस उशीर झाला होता. बसमध्ये पाठवलेल्या २१,००० पैकी ६,४०० रुपये समोरच्या खात्यात गोठवता आले, बाकीचे त्याच रात्री पुढे गेले होते. शंका येताच पहिल्या तासात फोन करणे किती मोलाचे असते, हे तिथल्या हवालदारांनी आम्हाला खात्याचा उतारा समोर ठेवून दाखवले: रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी पैसे आले, १२ वाजून ५२ मिनिटांनी गेले.

जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, बार्शीच्या एका दांपत्याचा मला फोन आला. त्यांना आसामचा रेफरल आला होता, आणि एक ‘प्रवास व्यवस्थापक’ त्यांच्याकडे ११,००० रुपये मागत होता. पैसे थोडे वाढवून दिले तर थेट रुग्णालयातून दुसरे बाळही मिळू शकेल, असेही तो सुचवत होता. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाची खरेदी-विक्री करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे, आणि तो विकत घेणाऱ्यालाही लागू आहे, हे मी त्यांना सांगितले. मग विचारले, ‘संस्थेला थेट फोन करू नका, असे म्हणाला का?’ पलीकडे क्षणभर शांतता होती. नंतर त्या ताईंनी पोर्टल उघडून संस्थेचा क्रमांक मला वाचून दाखवला, आणि माझा फोन ठेवून त्यांनी तो लावला.