कमांडो अंकांसाठी घेतलेली पाकिटे : एका पावसाळ्यासह नऊ महिन्यांचा अनुभव

स्कॉटलंडमधील डंडी येथील डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेने १९६१ च्या जुलैत सुरू केलेल्या ‘कमांडो’ या युद्धकथांच्या छोट्या अंकांपैकी ११२ अंक माझ्या संग्रही आहेत. त्यांतले बरेचसे हुतात्मा चौकाजवळच्या पदपथावर आणि बंद पडलेल्या वाचनालयांच्या गठ्ठ्यांत मिळाले. डोंबिवलीच्या दमट हवेत ते टिकावेत म्हणून मागच्या मे महिन्यात मी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची १०० पाकिटे आणि त्यांत अंकामागे ठेवायला तितकेच आम्लरहित पुठ्ठे मागवले.

त्याआधी काही अंक स्टेशनरीच्या दुकानातील साध्या पीव्हीसी फोल्डरमध्ये होते. ते प्लास्टिक कालांतराने चिकट झाले आणि दोन मुखपृष्ठांची शाई त्यावर उतरली. नव्या पाकिटांच्या बाबतीत नऊ महिन्यांत असे काहीही घडलेले नाही. ती अजून काचेसारखी स्वच्छ असून त्यांना वासही नाही.

मापाकडे मात्र नीट लक्ष द्यावे. अंक साधारण १४ × १८ सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे अमेरिकी कॉमिक्सच्या मापाच्या पाकिटात तो सरकत राहतो आणि त्याचे कोपरे दुमडतात. मी घेतलेल्या छोट्या मापात तो घट्ट न होता नेमका बसतो. आतला कागद वृत्तपत्री, लाकडाच्या लगद्याचा असल्याने त्यात आम्ल तयार होत राहते. पुठ्ठ्यातील कॅल्शियम कार्बोनेट ते काही प्रमाणात शोषून घेते, म्हणून हे पुठ्ठे काही वर्षांनी बदलावेच लागतील. त्यांच्यामुळे एक रुखरुख मात्र कायम राहते. कमांडोच्या अनेक अंकांवरचे रंगीत चित्र मुखपृष्ठावरून मलपृष्ठापर्यंत सलग पसरलेले असते आणि पुठ्ठा लावला की विमानाचे शेपूट किंवा जळणारे जहाज त्याच्यामागे झाकले जाते. तरीही मी पुठ्ठा काढलेला नाही, कारण त्याच्याशिवाय अंक वाकतो.

पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. जुलैत आणलेले अकरा अंक मी दुसऱ्याच दिवशी पाकिटांत घालून बंद केले. सप्टेंबरमध्ये उघडून पाहिले तेव्हा तीन अंकांच्या मधल्या पिनांभोवती तांबूस गंजाचे वर्तुळ उमटले होते आणि एका अंकाला कुबट वास येत होता. कागदाने हवेतून ओढून घेतलेला दमटपणा पाकिटात कोंडला गेला होता. पाकीट बाहेरचे पाणी अडवते, तसेच आतलेही अडवून ठेवते. तेव्हापासून नवा अंक आधी आठवडाभर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवतो आणि मगच पाकिटात घालतो. उन्हात मात्र कधीही वाळवू नये, कारण उन्हाने हा कागद झपाट्याने पिवळा पडतो.

माझी खरी तक्रार झाकणावरच्या गोंदाच्या पट्टीविषयी आहे. अंक बाहेर काढताना मुखपृष्ठाची कड तिला चिकटली आणि एका जुन्या अंकावरील निळ्या आकाशाचा नखाएवढा तुकडा निघून आला. आता मी अंक काढण्यापूर्वी झाकण मागे वळवून पट्टीवर कागदाची चिठ्ठी दाबून धरतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी गोंद झाकणाऐवजी पाकिटाच्या पाठीवर असलेला प्रकार घ्यावा.

जुन्या कथा पुढे नव्या क्रमांकाने पुन्हा छापल्या गेल्याने क्रमांक आणि किंमत नोंदवून ठेवणे आवश्यक असते; ही नोंद मी पाकिटावरच्या चिठ्ठीवर करतो, अंकावर कधीही नाही. शिलिंगमध्ये किंमत छापलेले, म्हणजे फेब्रुवारी १९७१ मध्ये ब्रिटनने दशमान चलन स्वीकारण्यापूर्वीचे माझे नऊ अंक मात्र मी या पाकिटांतून काढून कित्येक पट महाग असलेल्या पॉलिएस्टरच्या पाकिटांत हलवले आहेत. उरलेल्यांसाठी हीच पाकिटे पुन्हा घेणार आहे, फक्त या वेळी पाठीवर गोंद असलेली.