सातारा परिसरातला डर्ट जंप पार्क: मधली लाइन झकास, मोठ्या लाइनला काम बाकी

छत्रपती संभाजीनगरात म्हैसमाळ-दौलताबादचे चढ मारणारे सायकलवाले पुष्कळ आहेत. सायकल हवेत उडवायची असेल तर मात्र बीड बायपास ओलांडून सातारा परिसरातल्या टेकड्यांच्या पायथ्याला यावं लागतं. पार्क छोटाच आहे. एक पंप ट्रॅक (पेडल न मारता अंगाच्या दाबाने सायकल पळवायचा उंचवट्यांचा रस्ता), उड्यांच्या लहान, मधली, मोठी अशा तीन लाइन आणि सुरुवातीला उतरायला लाकडी माच. तरीही नुसत्या मधल्या लाइनसाठी बायपासची ट्रॅफिक सोसून यावं, इतकी ती जमून आली आहे.

मधल्या लाइनचा माच साधारण आठ फुटी आहे. पहिली लिप, म्हणजे सायकल जिथून हवेत सुटते तो चढ, तीन फुटी, तिच्यापुढे सात फुटांचा सपाट माथा आणि मग लांब उतार; अशा भरीव उडीला टेबल म्हणतात. हे माप सहज बसलेलं नाही. आठ फुटांवरून सरळ सोडलेल्या सायकलला तीन फूट चढून गेल्यावर, घर्षण वजा जाता, साधारण आठ फुटांची झेप मिळते. म्हणजे ब्रेक न लावता उतरलात तर चाकं आपसूक उतारावर पडतात, पेडल मारायची गरजच नाही. कमी पडलात तरी मधे खड्डा नाही, भरीव टेबल आहे. दणका बसेल, दात वाचतील.

खरी गंमत दुसऱ्या टेबलापासून सुरू होते. पहिल्या उतारावर चाकं टेकताच हातापायांनी सायकल खाली दाबली की पुढच्या लिपला लागणारा वेग तिथेच मिळतो. जमलं तर चौथ्या टेबलापर्यंत साखळी हलत नाही. फ्रीहबची (मागच्या चाकाच्या तुंब्याची) करकर आणि टायर टेकल्याचा ‘थप’, एवढंच ऐकू येतं. शेवटचा डावा बर्म (वळणावरचा मातीचा तिरका बांध) पार करून माचाकडे परतणाऱ्याच्या तोंडावरचं हसू लपत नाही, मग तो दहावीतला पोरगा असो की चाळिशीतला बँकवाला.

हे जमण्याचं श्रेय मातीला. काळ्या मातीची लिप पावसात फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा देते. नुसत्या मुरमाची लिप चार दिवसांत खडी होऊन ओघळते. इथे पोट दगड-मुरमाचं आहे. वर सहा-सात इंच चाळलेला मुरूम, आणि त्यात चौथा हिस्सा काळी माती केवळ चिकटपणापुरती. प्रत्येक थर ओला करून धुमसाने ठोकला आहे आणि लिपची कड थापीने बसवली आहे. गावाकडे शेतात एखादं टेबल उभारणार असाल तर हेच प्रमाण धरा. एका टेबलाला तीन-चार ब्रास मुरूम सहज लागतो. माती मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे आणि खाली टाकल्यावर फुटला पाहिजे. फुटलाच नाही तर पाणी जास्त झालं.

पाण्याचं गणितही इथल्या लोकांना कळतं. आदल्या संध्याकाळी झारीने शिंपण आणि सकाळी सायकली. टँकरचं पाणी असल्याने मे महिन्यात हात आखडतो, तेव्हा लिपच्या कडा सुटू लागतात, हे ओघाने आलंच. पावसाळ्यात जोराची सर आली की मैदान बंद ठेवतात. काहीजण कुरकुर करतात, पण निर्णय योग्य आहे. अंगठा दाबून खळगा पडत असेल तर त्या लिपवर चाक घालूच नये. ओल्या लिपवर पडलेली चाकोरी वाळली की दगडासारखी होते आणि पुढच्याचं चाक नेमकं उडतानाच वाकडं करते.

आता मोठी लाइन. लिप पाच फुटी आणि चांगली ताठ, मधे बारा फुटांची मोकळी गॅप. उडायला झकास, उतरायला त्रासदायक. लँडिंगचा उतार फार चपटा आहे, त्यामुळे उंचावरून येणारी सायकल उतारावरून घरंगळण्याऐवजी आदळते आणि सगळा भार मनगटांवर येतो. त्यात ही लाइन पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत, उन्हाळ्यात दुपारनंतर वाराही समोरून. समोरच्या वाऱ्यात झेप तोकडी पडते आणि मागचं चाक लँडिंगच्या टोकावर आपटतं. ही लाइन सकाळीच करावी. मधल्या लाइनचे चारही टेबल सलग निघत नाहीत तोवर तर बघूही नये. लहान लाइन आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी ठीक, त्याहून मोठ्यांना पंप ट्रॅक जास्त शिकवतो.

नवखे बहुतेक एकाच कारणाने पडतात: लिपवर अंग आखडतं, पायांनी दाब न देता नुसतं बसल्यासारखं जाणं होतं आणि सायकलचं नाक खाली जातं. पेडल समांतर, गुडघे-कोपर वाकलेले. लिप चढताना पायांनी खाली दाब द्या, हँडल वर खेचू नका. कड सुटली की नजर उतारावर. हवेत घाबरून मागचा ब्रेक दाबायची सवय अनेकांना असते. फिरतं चाक अचानक थांबलं की पुढचा भाग आणखी खाली झुकतो, म्हणून बोट ब्रेकवर असू द्या, पण दाबू नका.

भाड्याच्या सायकली २६ इंची चाकांच्या, पुढे १०० मिलिमीटर दबणारा फोर्क (शॉक-ॲब्सॉर्बर), एकच गिअर आणि फक्त मागचा ब्रेक अशा आहेत. जात बरोबर आहे, निगा बेताची. घेताना सीट पूर्ण खाली करून घ्या. हवा ४५ ते ५५ पीएसआय हवी, बऱ्याचदा ३०च असते आणि मग ताठ लिपवर टायर दबून वेग खातो. फोर्कवर नुसतं उभं राहिल्यावर तो १०-१५ मिलिमीटरच बसावा. जास्त बसत असेल तर त्यात हवा भरून मागा. मागच्या चाकाचे नट १५ किंवा १७च्या पान्याने स्वतः ताणून बघा. उजवा नट ढिला असला की पेडलच्या जोरावर चाक पुढे सरकतं, टायर डाव्या बाजूच्या पाइपला घासतो आणि साखळी ढिली होऊन उतरते. स्वतःची सायकल बांधणाऱ्यांनी पुढे २५ दाते, मागे ११ हा मेळ धरावा. या मैदानावर त्याहून जड गिअर उपयोगाचा नाही.

हेल्मेट मिळतात, पण अर्धी. मोठ्या लाइनला फुल-फेस (हनुवटीही झाकणारं) घरून आणा. गुडघ्यांचे पॅड आणि हातमोजे तर लागतातच, कारण मुरमावर घसरलं की सालटं जातं. मळ्यातले कडक तळव्याचे बूट चालत नाहीत. सपाट, मऊ तळव्याचे बूट घाला, पेडलचे काटे त्यातच रुततात.

अजून एक स्थानिक भानगड. पावसाळा सरला की कडेने सराट्याचे वेल पसरतात आणि कुंपणाच्या बाभळींचे काटे वर्षभर उडत असतात. टायर मैदानाबाहेर गेला की पंक्चर ठरलेलं. मोटारसायकलसारखा वाल्व्ह असलेल्या ट्यूबचा कोअर (वाल्व्हच्या आतली पिन) काढून ६०-८० मिलिलिटर सीलंट (भोक बुजवणारा द्रव) भरून ठेवला तर निम्मी डोकेदुखी जाते. मैदानावर पंक्चरवाला नाही, आणि जवळच्या दुकानात २६ इंची जाड ट्यूब मिळेलच असं नाही. जादा ट्यूब सोबत हवीच.

सावली अगदीच कमी, एका कडुलिंबाखाली सगळे गोळा होतात. उन्हाळ्यात सकाळी सहा ते साडेआठ हीच वेळ. रविवारी माचावर रांग लागते, बुधवार-गुरुवारी मधली लाइन जवळपास मोकळी मिळते. निघताना ठोकलेल्या लिपवर थोडं पाणी शिंपून थापी मारायला सांगतात. त्यातून कुणाची सुटका नाही, आणि नसावीही. पार्क चालवणाऱ्यांना एकच विनंती: दिवाळीच्या आधी मोठ्या लाइनच्या लँडिंगवर दोन ट्रॉल्या मुरूम टाकून उतार लिपच्या ताठपणाला साजेसा करा. जेसीबी अर्ध्या दिवसाचा लागेल, बाकी काम फावड्याने होतं, आणि फावडं धरणारे हात इथे रोज सकाळी येतातच.