मेंदूच्या व्यायामाचे आठ महिने: गुण वाढले, संयम वेगळ्या वाटेने आला

राग आला की तत्काळ उत्तर पाठवणे, सवलत दिसली की गरज नसलेली वस्तू मागवणे आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइल चाळत बसणे, या तीन सवयी मोडाव्यात म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी मेंदूच्या व्यायामाचे एक अॅप घेतले आणि रोज वीस मिनिटे नेमाने वापरले.

त्यात मुख्यतः दोन प्रकारचे सराव होते. निळ्या अक्षरांत ‘लाल’ असे लिहिलेले दिसले तरी शब्द न वाचता अक्षरांचा रंग सांगायचा, हा पहिला. १९३५ मध्ये जॉन रिडली स्ट्रूप यांनी केलेल्या प्रयोगांवरून तो ओळखला जातो. दुसरा एन-बॅक, म्हणजे आत्ता दिसलेले चिन्ह काही पायऱ्यांपूर्वी दिसलेल्या चिन्हाशी जुळते का, हे ओळखायचे. तिसऱ्या महिन्याअखेर मी दोन पायऱ्यांवरून पाचपर्यंत पोहोचलो, आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला. सवयी मात्र जिथल्या तिथे होत्या.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. ११,४३० जणांनी सहा आठवडे केलेल्या सरावाचा अभ्यास २०१० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सराव केलेल्या खेळांत लोक सुधारले, पण ती सुधारणा इतर बौद्धिक कामांत उतरल्याचा पुरावा मिळाला नाही.

चौथ्या महिन्यापासून मी ‘जर-तर’ पद्धतीचे संकल्प लिहू लागलो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली ही पद्धत अॅपच्या एका कोपऱ्यात, जवळजवळ दुर्लक्षित, दिलेली होती. ‘राग आला तर शांत राहीन’ हा माझा पहिला संकल्प आठवडाभरही टिकला नाही, कारण त्या क्षणी नेमके काय करायचे हे त्यात नव्हतेच. ‘बोचरा ईमेल आला, तर उत्तर मसुद्यात लिहीन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचूनच पाठवीन’ असे लिहिल्यावर फरक पडला. तेव्हापासून लिहिलेल्या एकोणीस मसुद्यांपैकी अकरा मी पाठवलेच नाहीत, आणि उरलेल्यांतील बहुतेक निम्म्याने छाटले.

याच काळात निर्णयांची वही सुरू केली. प्रत्येक मोठ्या निर्णयापूर्वी त्याची कारणे, अपेक्षित परिणाम आणि आपली खात्री किती टक्के, हे लिहून ठेवायचे. निकाल कळल्यावर ‘हे मला आधीच ठाऊक होते’ असे मन सहज मानून घेते. लिहिलेला आकडा तशी सोय ठेवत नाही. ‘८० टक्के खात्री’ अशा दहा नोंदींपैकी सहाच खऱ्या ठरल्या, आणि चुकलेल्या चारही नोंदी अशा खरेदीच्या होत्या, जी आज मी केली नसती. हे वाचणे बोचले, पण माझी खरेदी त्यानंतरच आवरली.

अॅपचे सदस्यत्व मी पुढे वाढवलेले नाही; वही चालू आहे. रात्रीच्या मोबाइलवर मात्र कोणताही सराव किंवा संकल्प चालला नाही. शेवटी तो चार्जिंगसाठी दुसऱ्या खोलीत ठेवू लागलो, आणि ती सवय दोन आठवड्यांत सुटली.