भित्र्या कुत्रीला ‘शांत’ करून देणाऱ्या ट्रेनरपासून सावध राहा

आमची बिट्टी रस्त्यावरून आणलेली, मुळातच भित्री. त्यात दिरांची बदली झाली आणि त्यांचा लॅब्रेडॉर ब्रूनो आमच्या दादरच्या दोन खोल्यांत राहायला आला. वाईट नाही, पण दांडगट. तिचं भांडं, तिची गादी, सगळ्यावर त्याचा हक्क. बिट्टीने खाणंच टाकलं.

बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ट्रेनरचा नंबर मिळाला. बोलायला गोड. “ताई, ब्रूनो अल्फा आहे, म्हणजे कळपाचा म्होरक्या. हिला त्याच्या खाली राहायला शिकवलं की घरात शांतता.” पॅकेजचे 18,000 रुपये आगाऊ, यूपीआयने. पावती “उद्या पाठवतो.”

पहिल्याच सेशनला त्याने बिट्टीला चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी घातली, उताणी पाडली आणि मानेवर हात दाबून धरला. ती ताठ झाली, जागीच मुतली, मग हललीच नाही. “बघा, मानलं तिने.” मी त्याला थांबवलं, तर म्हणाला, घरचे मध्ये पडतात म्हणून कुत्रं सुधारत नाही, कर्जतच्या फार्मवर ठेवू, केव्हाही येऊन बघा. आम्ही तिला पाठवलं. बघायला गेलो तेव्हा गेटला कुलूप आणि फोन बंद. संध्याकाळी मात्र व्हिडिओ आला: बिट्टी एका मोठ्या कुत्र्याशेजारी गप्प बसलेली.

हा गप्पपणाच ही माणसं विकतात, म्हणून तो नीट बघा. शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, जीभ सारखी नाकावर, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, झोप नसताना जांभया. हे जनावर निवांत नाही, भीतीने गोठलंय. छोट्याशा व्हिडिओत ते आज्ञाधारक वाटतं, एवढंच.

बिट्टी परत आली ती गळ्याभोवतीची कातडी सोलवटून. सोबत नाव खरवडलेल्या गोळ्या, “रोज अर्धी द्या.” आमच्या डॉक्टरांनी त्या द्यायला साफ मनाई केली. असं औषध नोंदणीकृत पशुवैद्यानेच लिहून द्यायचं असतं. उरलेले पैसे मागितल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

‘अल्फा’ची कल्पना पसरली ती संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेल्या पिंजऱ्यातल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवरून. आपल्या 1970 च्या पुस्तकातून ती लोकांपर्यंत नेणाऱ्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, वर्चस्वासाठी भांडणारी टोळी नव्हे. आणि त्या मोडीत निघालेल्या कल्पनेवर मुंबईत अजून पॅकेजं विकली जातात! मला याचा फार संताप येतो.

डॉक्टरांनी आधी दोघांनाही तपासलं. ब्रूनोच्या कानात इन्फेक्शन निघालं. दुखत असलं की कुत्रं जास्त अंगावर जातं. आता स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांचं गेट लावलंय, आत बिट्टीचं जेवण, पाणी, गादी, आणि तिथे ब्रूनोला मज्जाव. फिरवताना दोन माणसं, रस्त्याच्या दोन कडा, दिशा एकच. अंतर हळूहळू कमी करायचं. ती गुरगुरली तर ओरडायचं नाही, ब्रूनोला हाक मारून बाजूला घ्यायचं आणि खाऊ द्यायचा. गुरगुरणं दाबलं की पुढच्या वेळी इशारा न देता चावा बसू शकतो. फार्मवरून आल्यावर तिने गुरगुरणंही सोडलं होतं. ते परत सुरू झालं, तेव्हा डॉक्टरांना आमच्याइतकाच आनंद झाला.

प्राण्याला मारणं, छळणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी दंड फक्त 10 ते 50 रुपये. म्हणून पैशांची बाजूही सोडू नका. ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर लगेच 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, ग्राहक म्हणून तक्रार 1915 वर. चॅट, व्यवहार क्रमांक, जखमेचे फोटो, डॉक्टरांचा कागद जपून ठेवा. आम्ही पोलिसांत अर्ज दिलाय.

मध्यंतरी पार्ल्याच्या एका कुटुंबाने मला त्याच ट्रेनरने पाठवलेला ‘रिझल्ट’चा व्हिडिओ दाखवला. ती आमची बिट्टी होती. तांबूस रंग, नसबंदीच्या खुणेचा कापलेला कान, गळ्यात साखळी. हा व्हिडिओ तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका, नंबर आणि स्क्रीनशॉट घेऊन तुमच्या पोलीस ठाण्यात द्या.