कोल्हापुरात मिळणारे हायड्रेंजिया : रोप, तयार माती आणि निळ्या रंगाची पूड

कोल्हापूर परिसरातील रोपवाटिकांमध्ये आता हायड्रेंजिया मागितले की बहुधा मिळते, त्यामुळे महाबळेश्वरला किंवा उटीला पाहिलेले ते निळे, भरगच्च झुपके आपल्या अंगणात यावेत अशी इच्छा धरून रोप घेणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. या रोपाबद्दल, त्यासोबत विकल्या जाणाऱ्या तयार मातीबद्दल आणि रंग बदलण्याच्या पुडीबद्दल माझे मत येथे सविस्तर देत आहे. रोप अवश्य घ्यावे. मात्र फुललेले घेऊ नये, बिनफुलाचे घ्यावे. तयार माती आहे तशी वापरू नये. आणि पूड विकत घेण्याआधी आपल्या नळाला कोणते पाणी येते याची चौकशी करावी.

बाजारात हे रोप दोन प्रकारे मिळते. हिवाळा सरता सरता शहरातील शोभेच्या झाडांच्या दुकानांत फुललेल्या कुंड्या मांडल्या जातात. त्या पाहताक्षणी मोह पडतो हे खरे, परंतु अशी कुंडी घेणारा माणूस प्रत्यक्षात एका मोसमाची फुले विकत घेत असतो. ही रोपे बहुधा थंड हवेत किंवा नियंत्रित तापमानाच्या पॉलिहाऊसमध्ये वाढवून, योग्य वेळी उबेत आणून फुलवलेली असतात. बुटकी आणि आटोपशीर राहावीत म्हणून अनेकदा त्यांना वाढ रोखणारे औषधही दिलेले असते. ती आपल्याकडे येतात तेव्हा मार्च तोंडावर आलेला असतो, मुळे निव्वळ कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, घट्ट गोळ्यात अडकलेली असतात आणि तो गोळा एकदा वाळला की वरून ओतलेले पाणी कडेकडेने निघून जाते, आत मुरतच नाही. अशा अवस्थेत उन्हाळ्याला सामोरे गेलेले रोप जगले तरी पुढचे वर्षभर फुलाचे नाव काढत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे शहराबाहेर, विशेषतः पश्चिमेकडील रस्त्यांवरच्या लहान रोपवाटिकांत मिळणारे, फांदीच्या कलमापासून इथेच वाढवलेले बिनफुलाचे रोप. दिसायला ते अगदी साधे असते, काळ्या पिशवीत उभ्या दोन-तीन काटक्या आणि दातेरी कडांची रुंद पाने, एवढेच. तरीही माझी शिफारस निःसंशय याच रोपाला आहे, कारण त्याने इथला एक उन्हाळा आणि इथला एक पावसाळा सोसलेला असतो. निवडताना बुडाशी नवे कोंब फुटलेले आहेत का ते पाहावे, पान उलटून मागच्या बाजूला लाल कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, नाही याची खात्री करावी आणि रोपवाटिकेतील माणसाची हरकत नसेल तर पिशवी किंचित सैल करून मुळे पांढरी आहेत की तपकिरी, हेही बघून घ्यावे. मी ज्या रोपवाटिकेतून रोपे घेतली तेथील कामगारांनी हे सगळे मनापासून करू दिले, आणि या सेवेबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे.

तक्रार मात्र एक आहे आणि ती गंभीर आहे : कोणत्याही रोपावर वाणाचे नाव नसते. गोल झुपक्याचे रोप कोणते आणि मधोमध बारीक कळ्या व भोवती मोठ्या पाकळ्यांची कड असणारे सपाट झुपक्याचे कोणते, एवढेसुद्धा फुले येईपर्यंत कळत नाही. उलट ‘हे निळे आहे, हे गुलाबी आहे’ असे मात्र ठामपणे सांगितले जाते. हे सांगणे अर्धेच खरे आहे. पांढऱ्या वाणाची फुले मातीमुळे निळी होत नाहीत, आणि काही वाणांचा निळा दुसऱ्यांपेक्षा गडद उतरतो, हे बरोबर. परंतु उरलेल्या रोपांचा रंग पिशवीत ठरलेला नसून तुमच्या मातीत ठरायचा असतो.

हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सगळा खर्च आणि सगळी निराशा याभोवतीच फिरते. हायड्रेंजियामध्ये आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती वस्तुतः निदले, म्हणजे फुलाची सर्वांत बाहेरची दले, असतात आणि त्यांतील रंगद्रव्य निळ्या व गुलाबी फुलात एकच असते. त्या रंगद्रव्याला अ‍ॅल्युमिनियम मिळाले की ते निळे दिसते, न मिळाले की गुलाबी. अ‍ॅल्युमिनियम बहुतेक सर्व मातींत असते, परंतु माती आम्ल असेल तरच ते विरघळून मुळांना मिळते. मातीचा सामू (पीएच) साधारण ५.५ च्या खाली असेल तर फुले निळी, ६.५ च्या वर असेल तर गुलाबी आणि मधल्या पट्ट्यात जांभळट, कधी एकाच झाडावर दोन्ही छटांची, असा सर्वसाधारण हिशेब आहे.

या दृष्टीने कोल्हापूर जिल्ह्याइतकी बोलकी जागा क्वचितच सापडेल. राधानगरी आणि शाहूवाडी तालुक्यांतील पठारांवर बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचेच खनिज, सापडते आणि तिथे त्याच्या खाणीही झालेल्या आहेत. त्या पट्ट्यातील जांभ्याची तांबडी माती मुसळधार पावसाने चुना धुऊन गेल्यामुळे आम्लधर्मी असते. तेथून पूर्वेकडे शिरोळ-हातकणंगल्याकडे येऊ लागले की काळी, चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमीन लागते. एकाच झाडाची दोन कलमे करून एक पश्चिमेच्या गगनबावड्याच्या परसात आणि दुसरे पूर्वेच्या जयसिंगपूरच्या अंगणात लावले तर पहिले निळ्याकडे आणि दुसरे गुलाबीकडे झुकणार, ही अपेक्षा सर्वस्वी रास्त आहे. जिल्ह्याच्या एका टोकाला जे आपोआप घडते तेच दुसऱ्या टोकाला घडवण्यासाठी आपण पुड्या विकत घेतो.

आता तयार मातीविषयी. रोपासोबत ‘पॉटिंग मिक्स’ म्हणून जी पिशवी दिली जाते तिच्यात सहसा काळी किंवा पोयटा माती, भरपूर शेणखत आणि आपल्या भागात स्वस्त मिळते म्हणून साखर कारखान्याच्या मळीचे, म्हणजे प्रेसमडचे, खत असते. गुलाब-जास्वंदीला हे मिश्रण उत्तम आहे. हायड्रेंजियाला, आणि विशेषतः निळी फुले हवी असतील तर, ते सोयीचे नाही. प्रेसमडमध्ये कॅल्शियम आणि स्फुरद (फॉस्फरस) दोन्ही बऱ्यापैकी असतात; कॅल्शियमच्या क्षारांनी सामू वर सरकतो आणि स्फुरद मातीतील अ‍ॅल्युमिनियमला बांधून टाकते. सामू फारच चढला तर झाडाला लोहसुद्धा मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. उसावर याच लक्षणाला आपले शेतकरी केवडा म्हणतात. म्हणून ही पिशवी मी घेत नाही. जांभ्याची तांबडी माती, पूर्ण कुजलेला पालापाचोळा आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन, निचऱ्यासाठी त्यात थोडी जाडसर वाळू मिसळावी. मिश्रणाचा सामू एकदा माती परीक्षण प्रयोगशाळेतून तपासून घेतला तर फारच चांगले. ऊस लावण्याआधी माती तपासणारा आपला जिल्हा आहे, कुंडीसाठी तेवढेच करण्यात काही गैर नाही. सुई खुपसून सामू दाखवणारी स्वस्त उपकरणे ऑनलाइन मिळतात, त्यांवर मात्र विसंबू नये.

रंगाची पूड म्हणजे मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. लहान डबीत, आकर्षक चित्रासह, ती चढ्या किमतीला विकली जाते. रसायनविक्रेत्याकडे तेच द्रव्य कितीतरी स्वस्त पडते, आणि घरगुती तुरटीतही, ती पोटॅशियम-अ‍ॅल्युमिनियम सल्फेट असल्यामुळे, हेच काम करणारा घटक आहे. पूड काम करते का? करते, पण अटींवर. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, विरघळवून ते द्रावण आधी साध्या पाण्याने ओलावलेल्या मातीत महिन्यातून एकदा द्यावे; कोरड्या मातीत दिल्यास आणि मात्रा वाढवल्यास मुळे जळतात. पानांवर शिंतोडे पडू देऊ नयेत. उमललेल्या फुलाचा रंग यामुळे बदलणार नाही. पुढे येणाऱ्या कळ्यांसाठी ही तयारी असते आणि ती कळ्या दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी सुरू करावी लागते. डबीवरील मजकुरात ही शेवटची गोष्ट ठळक अक्षरांत असायला हवी होती, आणि ती नाही हा मला ग्राहकावरचा अन्याय वाटतो. ज्यांना घाई नाही त्यांनी कृषी सेवा केंद्रातून गंधक आणून मातीत थोडे मिसळावे. मातीतील जिवाणू त्याचे हळूहळू आम्लात रूपांतर करतात, त्यामुळे परिणाम दिसायला काही महिने लागतात, पण तो टिकतो.

पुडीचा सगळा परिणाम पुसून टाकणारी गोष्ट म्हणजे बोअरचे पाणी. शहराच्या अनेक उपनगरांत आणि नव्या अपार्टमेंटमध्ये बागेला बोअरचेच पाणी दिले जाते. ते जड असेल, कुंडीच्या कडेवर पांढरे थर धरत असेल, तर त्यातील क्षार आठवड्यागणिक मातीचा सामू वर ढकलत राहतात आणि महिन्यातून एकदा दिलेली पूड त्यापुढे टिकत नाही. निळ्या रंगाचा आग्रहच असेल तर पावसाचे पाणी पिंपात साठवून या एका झाडासाठी राखून ठेवावे. नाहीतर गुलाबी रंगाचा आनंदाने स्वीकार करावा. तो या फुलात जराही उणा दिसत नाही. खताच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो : निळे हवे असेल तर हाडांचा चुरा, डीएपी आणि सरसकट दिले जाणारे १९:१९:१९ टाळून कमी स्फुरदाचे, पालाश (पोटॅश) अधिक असलेले खत निवडावे.

फुलेच येत नाहीत, ही कोल्हापुरात ऐकू येणारी सर्वांत मोठी तक्रार आहे आणि तिचे कारण रोपवाटिकेत नसून बहुतेक वेळा छाटणीच्या कात्रीत असते. आपल्याकडे मिळणारे हायड्रेंजिया जवळजवळ नेहमी मोठ्या पानांच्या, जपानमूळ जातीचे असते आणि ते जुन्या फांदीच्या टोकाशी कळी धरते. रात्रीचे तापमान सुमारे १८ अंशांखाली सलग काही आठवडे राहिले की त्या टोकात पुढच्या फुलाची घडण होते. कोल्हापुरात अशा रात्री प्रामुख्याने डिसेंबर-जानेवारीच्या आसपास मिळतात. इकडे गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात होते आणि दिवाळीपूर्वी बाग आवरायला आलेला माळी गुलाबाबरोबर शेजारच्या हायड्रेंजियाच्या फांद्याही नीटनेटक्या करून जातो. ज्या टोकांना थंडीत कळी धरायची होती तीच टोके कचऱ्यात गेलेली असतात! माळ्याचा दोष नाही, त्याला हे कोणी सांगितलेले नसते. म्हणून रोप विकतानाच रोपवाटिकेने एक वाक्य छापून द्यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे : छाटणी फुले वाळल्यावर लगेच, पावसाच्या तोंडावर करावी आणि गणपतीनंतर या झाडाला कात्री लावू नये.

उन्हाळ्याचे व्यवस्थापन त्या मानाने सोपे आहे. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली, अशी पूर्वेकडची जागा सर्वोत्तम. ती नसेल तर मार्च ते मे पन्नास टक्के सावलीचे शेडनेट बांधावे. कुंडी किमान १४ इंचांची, शक्यतो मातीची असावी आणि मातीवर वाळक्या पाल्याचे जाड आच्छादन असावे. एप्रिलच्या दुपारी पाने मान टाकतात, पण तेवढ्यावरून लगेच पाणी ओतू नये, कारण माती ओली असतानाही एवढ्या मोठ्या पानांतून पाणी मुळांच्या पुरवठ्यापेक्षा वेगाने उडून जाते. सूर्य कलल्यावर पाने पुन्हा ताठ झाली तर झाड ठीक आहे. संध्याकाळीही ती लोंबत राहिली तर पाणी द्यावे. जुलैच्या झडीत पानांवर तपकिरी-जांभळे ठिपके येतात. ती पाने खुडून टाकावीत, कुंड्यांमध्ये अंतर ठेवावे आणि कुंडीखालची ताटली काढून घ्यावी, बहुधा तेवढ्यावर भागते.

लहान मुले, कुत्री-मांजरे किंवा शेळ्या असलेल्या घरांनी एक लक्षात ठेवावे की या झाडाची पाने आणि फुले खाल्ल्यास विषारी ठरतात. फुलदाणीत ती खुशाल ठेवावीत. झुपका मलूल झाला तर तो सबंध थंड पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवावा, निदलांतूनही पाणी शोषले जाते आणि फूल पुष्कळदा पुन्हा टवटवीत होते. जेवणाच्या ताटाभोवती किंवा केकवर मात्र सजावटीसाठी वापरू नयेत.

बिनफुलाचे रोप मला दीडशे ते दोनशे रुपयांच्या दरम्यान मिळाले, फुललेल्या कुंडीला त्याच्या तिप्पट मोजावे लागतात. खरेदी पावसाळ्याच्या उत्तरार्धात करावी, म्हणजे थंडीपूर्वी मुळे धरायला पुरेसा अवधी मिळतो. एका चांगल्या झाडावरून श्रावणात बोटभर जाडीची नव्हे, तर पेन्सिलीएवढी, दोन पेरांची कोवळी कलमे घेऊन, पाने निम्मी कापून ओलसर कोकोपीटमध्ये सावलीत खोचली तर तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात, तेव्हा एकापेक्षा जास्त रोपे विकत घेण्याची गरज नाही. ज्यांच्याकडे दिवसभर ऊन तापणारी उघडी गच्ची आणि फक्त बोअरचे पाणी आहे त्यांनी हे रोप घेऊ नये, असेच मी सांगेन; आणि पूर्वेकडे सावलीचे परस किंवा झाकलेला व्हरांडा असेल त्यांनी पन्हाळ्याच्या बाजूला जाणे होईल तेव्हा एखादी पाटी तांबडी माती सोबत आणावी व रोप बिनधास्त घ्यावे.